हेड गॅस्केटच्या नावाखाली बाबांचे 21 हजार घेतले, प्रत्यक्षात गेला होता फॅनचा रिले

गाडी गरम होतेय म्हणून गॅरेजमध्ये नेली आणि तिथे ऑइलचं झाकण उलटं करून आतली पांढरट मलई दाखवत कोणी "हेड गॅस्केट गेलं" (म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, त्याच्या खालचं ऑइल आणि कूलंटचं पाणी वेगळं ठेवणारं सील गेलं) म्हणालं तर काम अजिबात सुरू करू देऊ नका, आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायला सांगा. ऑइलमध्ये खरंच पाणी गेलं असेल तर डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा दुधाच्या चहासारखं दिसतं. नुसती झाकणाला मलई असेल तर पावसाळ्यात, गाडी रोज थोडी थोडीच चालत असेल तर वाफेनेही ती जमते. बाबांना हे माहीत नव्हतं आणि इंदूरच्या त्या गॅरेजवाल्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

झालं असं की ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटात ट्रकमागे हळूहळू चढताना टेम्परेचरची सुई लालपर्यंत गेली. बाबांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, गार होईपर्यंत थांबले, आणि पुढे सपाट रस्त्याला वेग मिळाल्यावर सुई आपोआप खाली आली. हे सगळं त्यांनी गॅरेजवाल्याला नीट सांगितलं होतं हो! वेगात असताना ठीक आणि हळू चालताना गरम म्हटल्यावर आधी रेडिएटरचा फॅन बघायचा असतो, कारण वेगात समोरून हवा लागते, ट्रॅफिकमध्ये सगळी भिस्त फॅनवर. त्याने हेड खोललं, फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) आणलं, नवीन गॅस्केट टाकलं असं सांगून 21 हजार घेतले आणि ट्रायल कुठे दिली तर बायपासवर, म्हणजे सुई वर जायचा प्रश्नच नाही. बिल म्हणून साध्या कागदाची चिठ्ठी.

इंदूरच्या राजवाड्याच्या जाममध्ये परत तेच. मग मावसभावाच्या ओळखीच्या मिस्त्रीने गाडी चालू करून एसी लावला तर फॅन गप्प, त्याने हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या रिलेच्या जागी लावला, दोन्ही सारखेच होते, आणि फॅन भर्रकन सुरू. नवीन रिले काहीशे रुपयांचा. मग त्याने आम्हाला टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडच्या वरच्या झाकणाचे बोल्ट दाखवले, सगळ्यांवर तेलकट धुळीचा जुना थर जसाच्या तसा, पान्याचा एक ओरखडा नाही. ते कव्हर काढल्याशिवाय हेड उतरतच नाही. म्हणजे इंजिनला हातसुद्धा लावला नव्हता आणि एका रिटायर्ड माणसाकडून एवढे पैसे घेतले, याचा मला अजून संताप येतोय.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर कूलंट सारखं कमी होतं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी अंगावर येतं. आणि हेड खोलायचंच ठरलं तर समोर खोलायला लावा नाहीतर व्हिडिओ मागा, जुनं गॅस्केट आणि फेसिंगवाल्याचं बिल हातात घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, बोल्टचे फोटो आणि पैसे पाठवल्याचा मेसेज जोडून. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. बाबा म्हणतात जाऊ दे, पण मी अर्ज लिहायला घेतलाय. कोणाच्या घरच्यांबरोबर असंच झालं असेल तर चिठ्ठी फेकू नका आणि बोल्टवरची धूळ पुसायच्या आधी फोटो काढा.