इजिप्तचं उधारीचं पत्र, फ्रेमसकट : पत्र एक नंबर, कागद मात्र आपल्या सावद्याकडचा वाटतो

ऑनलाइन घेतलेली वॉल फ्रेम आहे, लिस्टिंगला लिहिलं होतं की प्राचीन इजिप्तच्या येणे-बाकीच्या पत्राची नक्कल, ओरिजिनल पपायरसवर. अमळनेर मार्केट यार्डात आमची आडत आहे, तिथं गादीच्या वर लावायला मागवली. सेलरचं नाव टाकत नाही, भांडण करायचं नाहीये, पण घेणाऱ्याला माहीत पाहिजे. पाचपैकी तीन स्टार, आणि तेही पत्रामुळे.

पॅकिंग चांगलं, काच नाही ॲक्रेलिक आहे, कोपरे टाइट. आता कागद. पपायरस म्हणजे नाईलच्या दलदलीतलं लव्हाळं, त्याच्या दांड्याच्या आतल्या गराच्या पातळ पट्ट्या काढून एक थर उभा एक थर आडवा ठेवायचा, दाबायचा, वाळवायचा, झाला कागद. उन्हात धरला की उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी दिसते आणि वाकवला तर लवतो. आमचं हे शीट मी मागची पिनं काढून उन्हात धरलं तर जाळी नावाला, आणि कोपरा जरासा वाकवला तर कट्टकन चीर गेली. मावसभाऊ सावद्याचा, जन्म केळीत गेलेला, त्यानं नुसता हात फिरवला आणि म्हणे, "भाऊ, हे त केयीचं सोपट हाये!" म्हणजे केळीच्या खोडाची साल. नंतर वाचलं तर इजिप्तमधे पण टुरिस्ट लोकांना केळीच्या नाहीतर उसाच्या पानाचा कागद पपायरस म्हणून सर्रास चिकटवतात. म्हणजे जळगाव जिल्ह्यात बसून केळीचं सोपट बाहेरून पैसे देऊन मागवणारा मीच. मोबाइलचा कॅमेरा झूम केला तर शाईचे बारीक बारीक रंगीत ठिपके दिसतात, प्रिंटच आहे, ते ठीक, त्यांनी हातानं लिहिलंय असं म्हटलं नव्हतं.

पण पत्र! पत्र बघत बसावं असं आहे. लिपी डेमोटिक, म्हणजे चित्रांची ती हायरोग्लिफ नाही, रोजच्या कामाची घाईची लिपी, इ.स.पू. 650 च्या आसपास सुरू झाली आणि तारीख असलेला शेवटचा लेख इजिप्तच्याच फिले बेटावरचा इ.स. 452 चा. ती उजवीकडून डावीकडं लिहितात. आमच्या पत्राचा उजवा काठच फाटलेला आहे, म्हणजे प्रत्येक ओळीची सुरुवात गायब. कोणी लिहिलं, कोणाला, पहिलंच गेलं, राहिलं काय तर चांदीचे आकडे आणि पाठवून दे पाठवून दे. उधारीच्या वहीला उंदीर लागला की पण नेमकं नावच खातो आणि रक्कम सोडतो, आमच्या मुनीमकाकांचा अनुभव आहे.

सोबत चार पानांचं माहितीपत्रक येतं, हिंदी-इंग्रजीत, आणि खरं सांगतो ते फ्रेमपेक्षा भारी आहे. रक्कम देबेन आणि कितेत, 1 देबेन म्हणजे 10 किते, वजनात सुमारे 91 ग्रॅम, आपल्या हिशोबानं जवळजवळ आठ तोळे चांदी. पण मी अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या काळच्या डेमोटिक करारनाम्यांत रक्कम लिहिली की लगेच तिची निम्मी पण लिहायचे, म्हणजे 10 देबेन, ज्याचे निम्मे 5, मिळून परत 10, कशासाठी तर नंतर कोणी आकड्यात हात घालू नये म्हणून. आता ज्यांच्या घरात जुन्या हुंड्या, म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या अशा व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, आहेत त्यांनी बासन सोडून बघा, शंभराच्या हुंडीत 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे' अशाच अर्थाचं लिहिलेलं असतं! आमच्या आजोबांच्या हुंड्यांत आहे, मी लहानपणापासून बघतोय. कुठं नाईल आणि कुठं आमच्या अमळनेरची बोरी नदी, पण पैसे देणाऱ्याची भीती तीच. माझे तर तिथंच पैसे वसूल.

धान्याचं पण तसंच, मुदतीत नाही फेडलं तर दीडपट, म्हणजे आपली दिढी. आणि डायोडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार सांगतो की इजिप्तच्या बोक्कोरिस राजानं कायदाच केला होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दामदुप्पटच झाली की हो, आणि वसुली कर्जदाराच्या मालमत्तेतून, माणसाला धरून न्यायचं नाही. हे वाचून वडील म्हणे राजा समजदार होता पण आडत्या नसावा.

मोठी तक्रार कागदापेक्षा पण वेगळी आहे. मूळ पत्र कोणत्या म्युझियममधे आहे, त्याचा नंबर काय, भाषांतर कोणी केलं, पत्रकात एक अक्षर नाही. शिकागो विद्यापीठाची डेमोटिक डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिचा नुसता उल्लेख केला असता तरी हौशी माणसाला पुढं जायला वाट मिळाली असती. आमच्या धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं बघितली आहेत, तिथं कागद कुठून आला ही पहिली गोष्ट असते. यांनी रोझेटा दगडाचा, म्हणजे ज्याच्यावर डेमोटिक पण कोरलेली आहे त्याचा, फोटो मात्र अर्धं पान छापलाय, तो सगळ्यांनी बघितलेला असतो.

गादीवर लावल्यापासून गिऱ्हाईक विचारतं जरूर. विकलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी न्यायला आलेले एक आबा ऐकून म्हणे, "आठे बी उधारीच शे का दादा!" (इथं पण उधारीच आहे का) आणि स्वतःच्या बाकीचा विषय त्यांनी शिताफीनं कपाशीच्या भावाकडं वळवला, तर वसुलीला उपयोग होईल या आशेनं कोणी घेऊ नका.

सेलरला कागदाबद्दल मेसेज केला, उत्तर आलं की 'नॅचरल फायबर' आहे. ते तर चारा पण आहे. रिटर्न केली नाही कारण पत्रक परत द्यायला लागलं असतं. खरा पपायरसच पाहिजे असेल तर ऑर्डरच्या आधी उन्हात धरलेल्या शीटचा फोटो मागा, नाही दिला तर सोडून द्या. आणि हुक आपला घ्या, सोबतचा आमच्या दगडी भिंतीत शिरलाच नाही.