आफ्रिकन ग्रे पोपट: चौदा महिने एकत्र राहिल्यावर

घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "बोलतो का?" घेण्याआधी मीही विक्रेत्याला हेच विचारलं होतं. आता कुणी माझा सल्ला मागितला तर मी उलट विचारते: रोज तीन-चार तास तुम्ही त्याच्या नजरेसमोर असता का? उत्तर 'नाही' असेल तर हा पक्षी आणू नका.

भुरी आली तेव्हा पाच महिन्यांची होती, डोळे गडद करडे. आता बुबुळं फिकट पिवळी होत आली आहेत. वयाचा अंदाज यावरूनच येतो. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे ती मादी आहे हे पिसाच्या डीएनए चाचणीतून कळलं.

पहिल्या विक्रेत्याकडून मी परत आले होते. पक्ष्याच्या पायात कडी नव्हती आणि कागदपत्रांचा विषय काढला की तो बोलणं टाळायचा. सलग, बिनजोडाची कडी पिल्लू अगदी लहान असतानाच पायात सरकवता येते. त्यामुळे पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याची ती एक खूण असते. जंगलातून पकडून विकण्यामुळे या पक्ष्यांची इतकी हानी झाली की 2016 साली जोहान्सबर्गच्या बैठकीत त्यांना साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात घातलं गेलं. कागद नसलेला पक्षी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत. हाताने भरवावं लागणारं पिल्लूही नवख्याने घेऊ नये. भरवायचं खाणं जरा गरम झालं तरी त्याच्या गळ्यापाशी असलेली अन्नाची पिशवी भाजते.

पहिले तीन आठवडे ती मागच्या दांडीवरून हललीच नाही. मी पिंजऱ्याशेजारी बसून पुस्तक मोठ्याने वाचायचे, बाकी काही नाही. मग एका संध्याकाळी तिने माझ्या बोटावर आधी चोच टेकवली, जोर लावून पाहिला, आणि बोट हलत नाही अशी खात्री झाल्यावरच एक पाय ठेवला. चोचीने आधार तपासणं म्हणजे चावणं नव्हे. तेव्हा मी हात मागे घेतला असता तर पुढचे कित्येक आठवडे वाया गेले असते.

सातव्या महिन्यात माझी चूक झाली. मी आठ दिवस बाहेरगावी गेले. दाणा-पाणी, साफसफाई सगळं वेळेवर झालं होतं. परत आले तर पिंजऱ्याच्या तळाला राखाडी पिसांचा थर आणि छातीवर गुलाबी, उघडी कातडी. तिने स्वतःच पिसं उपटली होती. मला रडू आवरलं नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी आधी आजार आहे का ते पाहिलं. रक्तात कॅल्शियम कमी निघालं. ग्रे पोपटांमध्ये हा दोष नेहमीचा, बळावला तर झटकेही येतात. आणि मी तिला मुख्यतः सूर्यफुलाच्या बिया देत होते! बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी कमी. पेलेट्स (पोपटांसाठीचं गोळ्यांच्या रूपातलं तयार खाणं) आणि पालेभाज्यांवर आणायला सहा आठवडे लागले. त्या काळात रोज सकाळी वजन करायचे. 430 ग्रॅमच्या आसपास काटा थांबला की जीव भांड्यात पडायचा. कॅल्शियम अंगी लागायला हवे ते अतिनील किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत, म्हणून खास दिवाही लावला. पण कॅल्शियम हे अर्धंच कारण होतं. अर्धं कारण एकटेपणाचं, आणि त्याला औषध नाही. आता आठ दिवस घर सोडायचं असेल तर आधी महिनाभर तयारी करते.

पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. दम्याचा त्रास असलेल्याने विचार करूनच घ्यावा. नॉनस्टिक भांडी मी काढून टाकली. जास्त तापली तर त्यांचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो.

आता बोलण्याबद्दल. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्या ॲलेक्स नावाच्या ग्रे पोपटाला शंभरेक शब्द येत, पण त्यामागे तीस वर्षांची मेहनत होती. त्यांची पद्धत मी भावाच्या मदतीने करून पाहिली: तिच्यासमोर एकाने वस्तूचं नाव विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं आणि तीच वस्तू बक्षीस घ्यायची. 'गाजर' आणि 'चावी' हे शब्द तिने असेच उचलले. गाजर मिळालं की पंजात धरून ती डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या करत बघते. "आले हं" मात्र कुणी शिकवलं नाही. दुसऱ्या खोलीतून मी ते म्हणते, आणि आता मी दिसेनाशी झाले की तीच हाक मारते. थव्यातले पक्षी एकमेकांना अशीच साद घालतात. मी उत्तर दिलं की गप्प होते.

छातीवर पिसं परत आली आहेत, डाव्या बाजूला नखाएवढी जागा सोडून. हे पक्षी पिंजऱ्यात चाळीस-साठ वर्षं जगतात, आणि मी 46 वर्षांची आहे. म्हणून भाची दर रविवारी येऊन पिंजऱ्याशेजारी बसते, मोठ्याने वाचते. गेल्या रविवारी भुरीने तिच्या बोटावर चोच टेकवली. पाय अजून ठेवलेला नाही.