गिअरबॉक्स उतरवला म्हणून १,३८,००० घेतले, बोल्टला पानासुद्धा लागला नव्हता

गेल्या जुलैत साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडीने दगा दिला. बंद पडली नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएमचा काटा साडेचार हजारांवर, आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, बायको म्हणतेय बाजूला घ्या. घाटात बाजू असते कुठे? वर सपाटीला लागल्यावर पुन्हा बरी चालली. आठ-दहा दिवसांपासून सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी दोन-तीन सेकंद थांबून मग झटका देत मागे जायची, ते मला तेव्हा आठवलं.

गाडी २०१५ ची, पेट्रोल, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या मदतीने गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवणारी. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

पुण्यात परतल्यावर 'ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट' अशी पाटी असलेल्या एका गॅरेजात गेलो. चकाचक ऑफिस, एसी, कॉफी. मालकाने स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली: पी ०७००. "सर, हा कोड आला म्हणजे गिअरबॉक्स गेला. क्लच प्लेट, टॉर्क कन्व्हर्टर, सगळं ओव्हरहॉल. एक बेचाळीस." मी गाडीखाली वाकून बघितलं नाही, आणि त्यानेही नाही. डिपस्टिक, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी बघायची पट्टी, बाहेर काढायला अर्धा मिनिट लागला असता.

पी ०७०० चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटकडे काहीतरी तक्रार नोंदली गेली आहे. नेमकी कुठली, ते सांगणारा कोड वेगळा असतो आणि तो त्या युनिटमधून वाचावा लागतो. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी ६०,००० ॲडव्हान्स देऊन रिक्षाने घरी आलो.

तेवीस दिवस गाडी तिथेच. मध्ये एकदा बोलावून ट्रेमध्ये काळ्या पडलेल्या प्लेटा आणि इतर लोखंड दाखवलं. "बघा सर, काय अवस्था होती." मी फोटो काढला. भावाला दाखवायचा म्हणून, संशय वगैरे काही नव्हता. शेवटी घासाघीस करून १,३८,००० झाले. बिल मागितलं तर लेटरहेडवर हाताने लिहून दिलं. जीएसटी नंबर नाही, पार्टनंबर नाही, 'गिअरबॉक्स काम' एवढी एक ओळ. पक्कं हवं तर अठरा टक्के वर, म्हणाला. मी गप्प बसलो, माझाही लोभच.

गाडी मात्र मस्त चालली. ऑक्टोबरपर्यंत. मग सकाळचा तोच रिव्हर्सचा झटका. गॅरेजवाल्याला फोन केला तर "सर, तुमचं ड्रायव्हिंग हार्ड आहे, आता व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये तेलाचं प्रेशर वाटणारा भाग) बघावी लागेल, चाळीस-पंचेचाळीस धरून चला."

यावेळी चुलतभावाने त्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. पत्र्याची शेड, खाली खड्डा. त्यांनी इंजिन गरम होऊ दिलं, गाडी सपाटीवर उभी करून ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत हळूहळू फिरवला, परत पी मध्ये आणला आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढली. टोकाला जेमतेम ओल. ते थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवून माझ्यासमोर धरलं. रंग लालसर तपकिरी. "वास घ्या. जळका येतोय? नाही ना. मग प्लेटा अजून शाबूत आहेत."

तेल कमी पडलं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, प्रेशर बनत नाही, आणि प्रेशर नसेल तर क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत. म्हणून घाटात नुसती रेस. पुन्हा तेल भरलं की काही दिवस सगळं ठीक. पहिल्या गॅरेजने नेमकं तेवढंच केलं होतं.

मग त्यांनी मला खड्ड्यात उतरवलं. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, मुळाशी तेलाचा चिखल साचला होता. सील गळत होतं. टॉर्च वर नेऊन गिअरबॉक्स इंजिनला जोडणारे बोल्ट दाखवले. वर्षानुवर्षांची माती त्यांच्या डोक्यांवर तशीच चिकटलेली, कडेला गंज. "साहेब, ह्याला पाना लागलाच नाही. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर दोन्ही शाफ्ट काढावेच लागतात. आणि शाफ्ट काढल्यावर कुठलाही मिस्त्री दोनशे-चारशेचं सील बदलल्याशिवाय परत घालत नाही."

तेव्हा मला तो फोटो आठवला. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि हसायलाच लागले. ट्रेच्या कोपऱ्यात स्टीलच्या पट्ट्यांचा बेल्ट होता. "हा सीव्हीटीचा बेल्ट. ती ऑटोमॅटिकची वेगळी जात, तिच्यात गिअरऐवजी बेल्ट असतो. तुमच्या गाडीत बेल्ट असतोच कुठे?"

दोन्ही सीलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल आणि मजुरी मिळून ७,३५०. तेलाचं पॅन उघडल्यावर मॅग्नेटवर राखाडी लोण्यासारखा थर होता. तो पाहून मी घाबरलो, तर म्हणाले, एवढा असतोच, लोखंडाचे तुकडे निघाले असते तर मी तुम्हाला बसायला सांगितलं असतं.

ऑटोमॅटिक गाडी स्लिप होत असेल, म्हणजे इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही असं असेल, तर आधी तेलाची पातळी, रंग, वास आणि गाडीखालचा डाग बघायला सांगा, तेही तुमच्या समोर. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत खालचा लेव्हल प्लग उघडून, ठरलेल्या तापमानाला बघतात. स्कॅनरवरचा पूर्ण कोड लिहून घ्या. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर उतरवलेल्या अवस्थेत, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो मागा, आणि काढलेले पार्ट घरी घेऊन या. पक्कं बिल घ्या. मी अठरा टक्के वाचवायला गेलो आणि वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पेमेंटच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, बेल्टचा फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद जोडला आहे. नोटीस पोहोचल्यावर गॅरेजमालकाचा फोन आला: चाळीस हजार परत देतो, फक्त 'काम समाधानकारक झालं' असं लिहून द्या. मी नाही म्हटलं. तारीख पुढच्या महिन्यात आहे.