यॉर्कचे ऑल सेंट्स चर्च, नॉर्थ स्ट्रीट: काचेवर वाचण्याजोगा इतिहास

इंग्लंडमधील यॉर्क शहरात ऊझ नदीच्या पश्चिमेकडील नॉर्थ स्ट्रीटवरच्या या पॅरिश चर्चला (स्थानिक वस्तीच्या चर्चला) जावे ते मुख्यतः उत्तर भिंतीतील दोन खिडक्यांसाठी. पहिली साधारण १४१० ते १४२० या काळातील असून, ‘प्रिक ऑफ कॉन्शन्स’ या चौदाव्या शतकातील काव्याच्या आधारे तिच्यात जगाचे अखेरचे पंधरा दिवस रंगवले आहेत. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर वाचत गेले की समुद्र चढतो, ओसरतो, जलचर किनाऱ्यावर येतात, झाडे पेटतात, तारे निखळतात आणि शेवटी सर्व काही जळून जाते. प्रत्येक चित्राखालच्या ओळी लॅटिनमध्ये नसून त्या काळच्या इंग्रजीत आहेत, म्हणजेच हा मजकूर केवळ पाद्र्यांसाठी नव्हता. या खिडकीचे सर्वांत मोठे मोल मला यातच वाटते.

दुसऱ्या खिडकीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि कैद्याची भेट अशी दयेची सहा कृत्ये आहेत. परंपरेने सातवे मानले जाणारे मृताचे दफन येथे नाही, कारण बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील यादी सहांचीच आहे. सहाही प्रसंगांत दान करणारा दाढीवाला गृहस्थ एकच असून तो १४१२ मध्ये महापौर असलेला व्यापारी निकोलस ब्लॅकबर्न असावा, असे अनेकदा मानले जाते. पूर्वेकडील खिडकीत तर ब्लॅकबर्न कुटुंब दाते म्हणून प्रत्यक्ष दिसते. व्यापारातून आलेला पैसा आणि परलोकाची चिंता यांचे नाते इतक्या उघडपणे मांडणारे काचकाम माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

दक्षिणेकडील देवदूतांच्या नऊ श्रेणींच्या खिडकीत चश्मा लावलेला एक माणूस आहे, तो अवश्य शोधावा. पंधराव्या शतकात चर्चला लागून एकांतकोठडीत राहणाऱ्या एमा रॉटन या तपस्विनीची माहितीही आधी वाचून जावी. १४२१ मध्ये तिला झालेले दृष्टान्त बालराजा सहाव्या हेन्रीच्या पालकत्वाशी जोडले गेले. पश्चिम टोकाची आजची कोठडी मात्र १९१० ची आहे.

वरची चित्रे आणि छतावरील लाकडी देवदूत नुसत्या डोळ्यांनी नीट उलगडत नाहीत, त्यामुळे छोटी दुर्बीण जवळ ठेवावी. येथे आजही उपासना चालते, म्हणून प्रार्थनेच्या वेळा टाळून जावे.