ग्राफिक कंट्रोलरवर, पीसीवर, की मशीन हवेत चालवून?

सीएनसी मशीनवर नवा प्रोग्राम असला की एक हात सायकल स्टार्टवर (प्रोग्राम सुरू करायचं बटण) आणि दुसऱ्या हाताचं बोट फीड होल्डवर (अक्ष जागीच थांबवायचं बटण). ते बोट जरा सैल ठेवता यावं म्हणून तीन वाटा आहेत: कंट्रोलरच्याच स्क्रीनवर ग्राफिक बघणं, पीसीवर सिम्युलेशन करणं, किंवा झेड, म्हणजे उभा अक्ष, वर उचलून प्रोग्राम हवेत चालवणं. कुठली निवडायची हे मशीनपेक्षा प्रोग्राम कुठून आला यावर ठरवावं.

प्रोग्राम हाताने लिहिलेला असेल तर कंट्रोलरचं साधं रेषांचं ग्राफिक मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. हाताने लिहिताना होणाऱ्या चुका रेषेत लगेच उघड्या पडतात. जी०२ (घड्याळाच्या दिशेचा कंस) च्या जागी जी०३ (उलट दिशेचा) पडलं तर कंस उलट्या बाजूला फुगतो. फॅनक कंट्रोलरवर बऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये दशांश बिंदू विसरलेलं एक्स५० म्हणजे ५० मिमी नव्हे, ०.०५ मिमी, रेषा जिथे जायला हवी तिथे जातच नाही. शिवाय जो कंट्रोलर जॉब कापणार तोच प्रोग्राम वाचतोय. कॅन्ड सायकल (ड्रिलिंगसारख्या कामाचे तयार कोड), मॅक्रो (व्हेरिएबल वापरून लिहिलेले प्रोग्राम), पॅरामीटर सगळं त्याचंच, मध्ये दुभाषी नाही.

सॉलिड ग्राफिक, म्हणजे कापला जाणारा ठोकळाच दाखवणारं, दिसायला झकास. न कापलेला कोपरा किंवा जॉबमधून गेलेला रॅपिड (न कापता पूर्ण वेगाने होणारी हालचाल) त्यात पटकन कळतो. पण ०.२ मिमीची चूक त्या रंगीत ठोकळ्यात सहज लपते. तिथे रेषा झूम करूनच बघावी लागते. शिवाय कच्च्या मालाचं माप तुम्ही द्याल तसंच चित्र येतं. हायडेनहाइन कंट्रोलरवर बीएलके फॉर्ममध्ये (कच्च्या मालाचं माप सांगणाऱ्या ओळींत) ब्लँक चुकीचा दिला तर टेस्ट रन खोट्या जॉबवर चालतो, आणि दिसतो मात्र अगदी व्यवस्थित.

आता धोक्याची गोष्ट, आणि ही शिकवताना हमखास राहून जाते. हास मशीनच्या ग्राफिक मोडमध्ये अक्ष हलतच नाहीत, त्यामुळे तिथे काळजी कमी. जुन्या फॅनकवर मात्र ग्राफिक बघायला बऱ्याचदा मशीन लॉक लावून प्रोग्राम खरोखर चालवावा लागतो. लॉक फक्त अक्षांना असतं. ऑक्झिलरी फंक्शन लॉक वेगळं लावलं नाही तर एम, एस, टी (मशीनची इतर कामं, स्पिंडलचा वेग आणि टूल यांचे) कोड चालतात, म्हणजे स्पिंडल फिरेल, टूलही बदलू शकेल. मॅक्रोत ५०० नंबरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला काउंटर वाढतो, जी१० (प्रोग्राममधून ऑफसेट भरायचा कोड) असेल तर ऑफसेटही, म्हणजे जॉबच्या जागेचा किंवा टूलच्या मापाचा भरलेला आकडा, बदलतो. लॉक काढल्यावर स्क्रीनवरची पोझिशन आणि खरी पोझिशन जुळत नाही. पुन्हा होम न घेता, म्हणजे अक्ष मूळ संदर्भ बिंदूवर न नेता, सायकल स्टार्ट दाबलं, तर जी चूक शोधायला ग्राफिक लावलं होतं त्यापेक्षा मोठी आपटी बसते.

कॅममधून (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेला हजारो ओळींचा प्रोग्राम असेल तर पीसी घ्या. मशीन कापत राहतं आणि तपासणी टेबलावर होते. पण कॅममधलं व्हेरिफाय बऱ्याचदा पोस्ट होण्याआधीचा, म्हणजे मशीनच्या जी-कोडमध्ये रूपांतर होण्याआधीचा, टूलपाथ दाखवतं, त्यामुळे पोस्टने घातलेला घोळ त्यात दिसणार नाही. वेरिकटसारखं तयार जी-कोड वाचणारं सॉफ्टवेअर वेगळं. त्यात मशीनचं मॉडेल, होल्डर आणि क्लॅम्प नीट भरले तर टक्कर कळते. पाच अक्षांच्या कामाला याशिवाय गत्यंतर नाही असं मी म्हणेन. साध्या तीन अक्षांच्या प्लेटसाठी मात्र तेवढं मॉडेल भरण्यातच सकाळ जाते. आणखी एक खोच म्हणजे जी००, रॅपिडचा कोड. प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने धावणारं मशीन तिरका रॅपिड सरळ रेषेत नाही, मोडलेल्या रेषेत करतं. सॉफ्टवेअरने तो सरळ धरला असेल तर स्क्रीनवर सुटलेला क्लॅम्प मशीनवर सुटेलच असं नाही.

हवेत चालवणं वेळखाऊ. वर्क ऑफसेटच्या ईएक्सटीमध्ये (सगळ्या ऑफसेटना एकदम लागू होणाऱ्या रकान्यात) झेड १०० मिमी वर घेऊन ड्राय रन केला की एक्स-वायचा ऑफसेट, टूल बदल आणि एक्स-वायचा ओव्हर ट्रॅव्हल (अक्ष हद्दीबाहेर जाणं) खरेखुरे तपासले जातात. खोली आणि क्लॅम्पजवळची फट मात्र नाही, कारण टूल त्यांच्या वरूनच जातोय. मोजक्या टूलचा छोटा प्रोग्राम, नवं फिक्स्चर, तर हे करा. लांब प्रोग्रामला नको. आणि ते १०० परत शून्य केल्याशिवाय मशीनसमोरून हलू नका.

टूलची लांबी टेबलात चुकीची भरली असेल किंवा टूल ठेवायच्या मॅगझिनच्या पॉकेटमध्ये भलताच टूल बसला असेल, तर ग्राफिकला ते कळायचं नाही. टेबलात आहे तेच ते खरं मानतं. म्हणून काहीही निवडा, पहिल्या जॉबला प्रत्येक टूल सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून उतरवा. जॉबच्या थोडं वर फीड होल्ड दाबा आणि स्क्रीनवरचा डिस्टन्स टू गो, म्हणजे त्या ओळीत अजून जायचं उरलेलं अंतर, बघा. तो ४० म्हणतोय आणि डोळ्याला जेमतेम १० मिमी दिसतंय, तर रीसेट.