सवलतीत घर: इंग्लंडची वाट की स्कॉटलंडची?

१९८० साली ब्रिटनमधल्या थॅचर सरकारने कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. सुरुवातीला सूट ३३ ते ५० टक्के. पुढे फ्लॅटला ७० टक्क्यांपर्यंत गेली. इंग्लंडमध्ये हा हक्क आजही आहे, फक्त नोव्हेंबर २०२४ पासून सवलतीला भागानुसार १६,००० ते ३८,००० पौंडांची मर्यादा आली. स्कॉटलंडने मात्र २०१६ मध्ये तो बंदच केला, २०१९ मध्ये वेल्सनेही.

इंग्लंडच्या बाजूने बोलायचं तर वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्या कामगाराच्या नावावर पहिल्यांदा काही मालमत्ता आली. हे थोडंथोडकं नाही, आणि टीकाकार ते फार पटकन विसरतात. पण शेजारच्याच रस्त्यावर खासगी घरमालकाला तितकंच किंवा जास्त भाडं देणाऱ्याला काय मिळालं? काहीच नाही. कौन्सिलच्या घरासाठी प्रतीक्षा यादीत असलेल्या कुटुंबाचं तर नुकसानच झालं, कारण विक्रीचे पैसे नव्या घरांवर खर्च करायला कौन्सिलांवर बरीच वर्षं कडक बंधनं होती. शिवाय घेतल्यापासून पाच वर्षांत घर विकलं तर सवलत परत मागता येते, त्यानंतर नाही. असे कितीतरी फ्लॅट आज खासगी भाड्याने दिले जातात, काही ठिकाणी भाडेकरूच्या सरकारी गृहभत्त्यातून!

स्कॉटलंडमध्ये घर सार्वजनिकच राहतं, पुढच्या गरजूला मिळतं. भाडेकरूला मालकी मात्र मिळत नाही. तरी मला हीच वाट जास्त न्याय्य वाटते. मालकीसाठी मदत करायचीच असेल तर ती रोख द्यावी, आणि खासगी भाडेकरूलाही.