दान्तेचा ‘पारादीसो’, शेजारी झोहार : आठ महिन्यांनंतर

‘पारादीसो’ म्हणजे इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चा शेवटचा, स्वर्गाचा भाग. त्याची ही द्विभाषिक आवृत्ती घेतली ती मलपृष्ठावरच्या एका ओळीला भुलून. दान्तेच्या स्वर्गामागे कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या आहे, असा दावा तिथे केला होता. मग हौसेने झोहार या कब्बालाच्या मुख्य ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंडही घेतला. रात्री एक सर्ग आणि झोहारची दोन-चार पानं, असे आठ महिने काढले. 33 सर्ग दोनदा वाचून झाले.

डावीकडे इटालियन, उजवीकडे इंग्रजी ही मांडणी झकास. कागद मात्र इतका पातळ की पेन्सिलीची खूण पाठीमागे दिसते. बांधणीबद्दल पुढे सांगतो.

पहिल्या महिन्यात मी हवेत होतो. कब्बालातले सेफिरोत, म्हणजे देवाच्या प्रकटीकरणाचे टप्पे, दहा; दान्तेचे स्वर्गही दहा! वहीत तक्ता आखून जोड्या लावल्या. दुसऱ्या वाचनात सगळा तक्ता खोडला. नऊ फिरते गोल त्या काळच्या अरिस्टॉटल-टॉलेमीच्या खगोलातले, त्यांच्यावर ख्रिस्ती पंडितांनी ठेवलेला स्थिर दहावा. दहाचा आकडा जमायला कब्बाला लागतच नाही.

गुलाबाने जास्त दिवस फसवलं. झोहार उघडतं तेच काट्यांतल्या तेरा पाकळ्यांच्या गुलाबाने, आणि ‘पारादीसो’च्या शेवटाकडे संतांचा शुभ्र गुलाब फुलतो. पण झोहारने तो घेतला बायबलातल्या ‘गीतरत्ना’तून. इकडे दान्तेचा अखेरचा वाटाड्या संत बर्नार्ड, त्याची ‘गीतरत्ना’वर 86 प्रवचनं आहेत. जुनं पुस्तक दोघांच्याही घरात होतं, एवढंच यातून सिद्ध होतं.

खरा अडकलो तो 26व्या सर्गात. तिथे आदम सांगतो की पृथ्वीवर देवाचं पहिलं नाव ‘ई’ होतं, ‘एल’ नंतर आलं. आणि त्याची स्वतःची भाषा बाबेलच्या बुरुजाआधीच, म्हणजे बायबलातल्या भाषांच्या फाटाफुटीआधीच मेली. हाच दान्ते आधी एका लॅटिन ग्रंथात ठामपणे लिहून गेला होता की आदमचा पहिला शब्द ‘एल’ आणि त्याची भाषा हिब्रू. मत का बदललं? आणि एकाच अक्षराचं नाव कुठून आलं? हिब्रूत देवाच्या चार अक्षरी नावाची सुरुवात ‘योद’ने होते, उच्चार ‘ई’च्या जवळचा. दान्ते ते नाव ‘I’ असं लिहितो, आणि रोमन आकड्यांत तीच खूण म्हणजे एक, हेही खरं.

इथे अब्राहम अबुलाफिया आठवतो. जन्म 1240, स्पेनमधलं सारागोसा. अक्षरांची अदलाबदल करत ध्यान लावणारा हा कब्बालापंथी 1280 मध्ये थेट पोप निकोलस तिसऱ्याला भेटायला निघाला. पोपने त्याला जाळण्याचा हुकूम दिला होता म्हणतात. पण त्याच ऑगस्टमध्ये पोपच वारला. अबुलाफिया महिनाभर अटकेत राहून सुटला. दान्ते तेव्हा पंधरा वर्षांचा. इटालियन लेखक उंबेर्तो एकोने या दोघांच्या भाषाविचारातलं साम्य मोठ्या गोडीने मांडलंय, पण दान्तेने अबुलाफिया वाचल्याचा पुरावा नाही. मला ही शक्यता मोहवते; पैज मात्र लावणार नाही.

माझ्या प्रतीतल्या टिपा यावर दीड ओळीत आटोपतात. मलपृष्ठावर एवढा डांगोरा पिटायचा आणि मागच्या सूचीत ‘कब्बाला’ हा शब्दही नाही! याचेच दोन तारे कापले.

उलट दिशेचा, म्हणजे दान्तेकडून ज्यूंकडे झालेला प्रवास मात्र पक्का आहे. रोमचा ज्यू कवी इम्मानुएल याने दान्तेच्या धर्तीवर हिब्रूत नरक आणि स्वर्गाची सफर लिहिली, हिब्रूत सुनीतं आणली, इटालियनमध्येही सुनीतं केली. दान्ते गेल्यावर बोसोने दा गुब्बिओ या कवीने इम्मानुएलला सांत्वनाचं सुनीत पाठवलं, इम्मानुएलनेही सुनीतानेच उत्तर दिलं. टिपांमध्ये हा माणूस नाहीच.

काव्यासाठी घ्यायची असेल तर डोळे मिटून घ्या. कब्बालासाठी नको. आणि हो, बांधणी सहाव्या महिन्यात उसवली. पुस्तक टेबलावर ठेवलं की आता आपोआप 26व्या सर्गाशी उघडतं.